मुरीच्या मिशा

आमच्या आजीला वाचता येत नव्हतं, पण मोजता चांगलं येत होतं. बाजारात बसली की वाटे मोजायची, पैसे मोजायची आणि ओढ्यावर गेली की माशाच्या मिशा मोजायची. मिशा मोजताना ती मासा मुठीत आवळायची नाही. ओला तळहात, त्यात चमचाभर पाणी आणि त्या पाण्यात बोटाएवढी मुरी. मुरी दोन झटके देऊन शांत झाली की आजी तोंड जवळ न्यायची आणि पुटपुटायची, "दोन, दोन, दोन. सा. ही आपली." मग ती टोपलीत. पुढची हातात घ्यायची. "दोन, दोन, दोन... आन् ह्या नाकावरच्या दोन. आठ. जा बये." ही परत पाण्यात.

आम्ही भोई. भीमेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठाला, गावापासून जरा अंतरानं, आमची दहा-बारा घरं. पुरुष माणसं पाग घेऊन नदीवर जायची, बायका ओढ्यावर. चैत्र लागला की ओढ्याची धार तुटायची आणि मागं डबकी राहायची. दोघींनी जुनेराची दोन टोकं धरायची, डबक्याच्या एका कडेनं दुसऱ्या कडेला ओढत न्यायचं आणि फडकं उचललं की त्यात झिंगे, मळ्या, एखादा खेकडा आणि मुरी. मोठा मासा बाजारात जायचा. मुरी घरात राहायची, कारण तिला गिऱ्हाईक नव्हतं. अंगाला बुळबुळ फार. राखेत घोळून चोळायची, मग पाण्यातून काढायची, तिखट-मीठ लावून तव्यावर. काटा असा नाहीच. आम्ही पोरं डोक्यासकट खायचो.

पण टोपलीतली सगळी मुरी एक नव्हती, हे आम्हाला चालायला लागल्यापासून माहीत होतं. आमच्याकडं मुरीत पाच भाऊबंद होते. वाळूत दडते ती वाळूमुरी. हीच खरी मुरी, नुसतं 'मुरी' म्हटलं की हीच. दगडाखाली राहते ती दगडमुरी. चिखलात सापडते आणि बोटाला टोचते ती काटमुरी. तोंड पुढं काढलेली ती लांबतोंडी. आणि पाचवी ती आठ मिशांची. तिला आजी 'झऱ्याची' म्हणायची. ओढ्याच्या वरच्या अंगाला खडकात एक कोंड आहे, त्यात बारीक झरा आहे. ही तिथली. आजीचं म्हणणं असं की, "ही हाय तवर खाली पानी हाय. हिला खाल्ली तर झरा रुसतो." म्हणून तिला सोडायचं. खाली वाहून आलेली सापडली तरी सोडायचं.

मुरी हे नाव कशावरून, असं मी एकदा विचारलं होतं. आजी म्हणाली, "वाळूत पानी मुरतं का न्हाई? तशी ही मुरती." तिचा अर्थ व्याकरणाच्या पुस्तकात बसेल की नाही कोण जाणे, पण ज्यानं वाळूमुरी वाळूत शिरताना पाहिली आहे त्याला तो पटेल. डोळ्यादेखत दिसत असते आणि पापणी लवेपर्यंत तिथं नुसती वाळू असते.

मी शिकलो. वडिलांचा हट्ट होता की पोराच्या हाताला मासळीचा वास येऊ नये. शाळेत जाताना मी हात लिंबाच्या सालीनं घासायचो. पुढं डी.एड. झालो आणि १९८४ साली शेजारच्या तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून लागलो. आता जे सांगतो ते सांगायला मला पुष्कळ वर्षं लागली.

एका पावसाळ्यात चौथीच्या पोरांनी ओढ्यावरचे मासे काचेच्या बरणीत घालून वर्गात आणले. "गुर्जी, हे कोणतं मासं?" बरणीच्या तळाशी तीन मुऱ्या बसल्या होत्या. मला नाव येत होतं. पण वर्गात 'मुरी' म्हणायची मला लाज वाटली. तो भोईवाड्यातला शब्द. मी म्हणालो, "ही मोठ्या माशांची पिल्लं आहेत. मोठी झाली की ओळखू येतील." आणि फळ्याकडं वळलो.

सुट्टीत घरी आलो तेव्हा बोलता बोलता हे आजीला सांगितलं. तिला हसू येईल असं वाटलं होतं. ती हसली नाही. पाटीतली एक मुरी उचलली, उताणी केली आणि माझ्यापुढं धरली. पांढऱ्या पोटाच्या पातळ कातड्यातून आत पिवळट दाणे दिसत होते.

"पिल्लाच्या पोटात अंडी असत्यात व्हय रं?"

एवढंच म्हणाली. मासा ओळखण्याचा पहिला नियम मला असा कळला. लहान मासा आणि लहान जातीचा मासा ह्या दोन वेगळ्या गोष्टी. बोटाएवढी मुरी पोरवयाची नसते. ती तिच्या जातीत पुरती बाई असते.

ह्या गोष्टीनं मला पुस्तकांकडं नेलं. सुट्टीतल्या प्रशिक्षणासाठी पुण्यात राहायचो तेव्हा एका ग्रंथालयात फ्रान्सिस डे याचा भारतातल्या माशांवरचा जाडजूड ग्रंथ बघायला मिळाला. हा मद्रास इलाख्यातला लष्करी डॉक्टर, पुढं हिंदुस्थानातल्या मत्स्यखात्याचा मोठा अधिकारी झाला. १८७५ ते १८७८ या काळात त्याचा ग्रंथ भागाभागानं निघाला. शेवटी नुसती चित्रंच चित्रं. मी पानं उलटत होतो आणि एका पानावर आमची टोपली उघडली. मिशीवाले, बुटके, बारीक मासे ओळीनं काढलेले. इंग्रजी मला बेताचंच. पण एका नावाशी थांबलो. रोमन अक्षरं मनातल्या मनात लावत गेलो आणि मूरेह असं वाचलं. दुसऱ्यांदा वाचलं, तिसऱ्यांदा वाचलं. लॅटिन नावांच्या त्या गर्दीत आमची मुरी बसली होती.

ती तिथं कशी गेली, ह्याचा इतिहास मी पुढं तुकड्यातुकड्यानं गोळा केला.

पेशवाई बुडून सहा वर्षं झाली होती. १८२४ साली मुंबईच्या कंपनी सरकारनं विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला दख्खनची माहिती गोळा करायच्या कामावर नेमलं. किती गावं, किती माणसं, कोणती पिकं, काय भाव, किती पाऊस. राज्य नवं, तेव्हा मोजणी पाहिजेच. साइक्स तंबू घेऊन पुणे, नगर, खानदेश, धारवाड या मुलखात वर्षानुवर्षं फिरला. पण हा माणूस सरकारनं सांगितलं तेवढंच मोजून थांबणारा नव्हता. त्यानं पाखरं लिहिली, जनावरं लिहिली आणि नद्यांतले मासेही लिहिले. विलायतेत परत गेल्यावर १८३८ साली लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढं त्यानं दख्खनच्या माशांवरचा निबंध वाचला. तो १८३९ साली थोडक्यात आणि १८४१ साली चित्रांसह छापून आला. पुढं हाच साइक्स ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला.

त्या निबंधात त्यानं एक गोष्ट केली, जी त्या काळच्या साहेब लोकांत सर्रास नव्हती. पुष्कळ माशांना त्यानं ग्रीक-लॅटिन नावं न देता इथलीच नावं जशीच्या तशी दिली. शिंगटी, घोगरा, मळ्या, कोळस. हे सगळे आमच्या पाटीतले मासे त्याच्या कागदावर आहेत, स्पेलिंग तेवढं साहेबी. आणि मुरीच्या कुळातले त्यानं तीन लिहिले. एक रूपेल नावाच्या जर्मन प्रवाशाच्या मानार्थ, दुसरा 'माया' आणि तिसरा मूरेह. पुढच्या काही पुस्तकांत त्यातला एक ओ गळून 'मोरेह' झालं, तरी आवाज आपलाच राहिला.

मी ह्या गोष्टीवर फार विचार केला आहे. साहेबाला मुरी हा शब्द स्वप्नात पडलेला नाही. नदीच्या काठावर कुणीतरी उभं असणार. ओल्या तळहातात मासा धरून साहेबाच्या कारकुनाला नाव सांगितलं असणार, तो ऐकून लिहीत गेला असणार. रूपेलचं नाव माशाला लागलं. सांगणाऱ्याचं नाव कुठंच नाही. तो भोई असेल, कोळी असेल, एखादी बाई असेल. मला आपली आजीच दिसते.

साइक्सनं तिघांनाही 'कोबायटिस' ह्या एकाच घराण्यात घातलं होतं. हे नाव लिनियसनं १७५८ साली दिलेलं, युरोपातल्या तशाच मिशीवाल्या माशाला. पण टोपलीतले सगळे मिशीवाले एका घरचे नसतात, हे पुढच्या लोकांच्या ध्यानात येत गेलं आणि घराण्याच्या वाटण्या होत गेल्या. डे याला पुण्याकडून एक बारीक मुरी मिळाली. तिला त्यानं १८७२ साली पुण्यातल्या कर्नल एवेझार्डचं नाव दिलं. योगायोग असा की साइक्स वारला तोही १८७२ सालीच. ही एवेझार्डची मुरी म्हणजे आमची झऱ्याची, आठ मिशांची. रूपेलच्या नावाची ती लांबतोंडी. डे यानं पुढं तिला कोबायटिसमधून काढून वेगळं घर दिलं. मूरेह तर इतक्या घरांत फिरली की विचारू नका. अगदी २०१५ साली दोन अमेरिकन अभ्यासकांनी ह्या गटाची फेरतपासणी केली तेव्हा तिचं घराणं 'पॅराकँथोकोबायटिस' असं नोंदलं. घरं बदलली, आडनावं बदलली, पण पाळण्यातलं नाव मूरेह तेच आहे.

एवढी उलथापालथ का होते, तर मुरी ओळखणं अवघड म्हणून. पहिल्यांदा माणूस रंग बघतो आणि तिथंच फसतो. दगडमुरीच्या अंगावर काळे आडवे पट्टे असतात. पण एकीला दहा, दुसरीला तेरा, तिसरीचा एक पट्टा मध्येच दुभंगलेला. त्याच ओढ्यात, त्याच दगडाखाली. फिकट वाळूवर मासा फिका पडतो, काळ्या खडकावर काळा होतो. मेल्यावर रंग उतरतो आणि बाटलीतल्या औषधात घातला की सगळ्याच जाती मातकट. साइक्सच्या पुष्कळ माशांचे मूळ नमुने आज हाताशी नाहीत. नुसतं वर्णन आणि चित्र. त्यामुळं मागून येणाऱ्याला त्याच नदीवर जाऊन तोच मासा नव्यानं शोधावा लागतो.

रंगाच्या अशा एका गोष्टीनं मला आजीची फार आठवण करून दिली. छत्तीसगडात बस्तरच्या जंगलात कोटमसरची गुहा आहे. आत मिट्ट काळोख आणि त्या काळोखातल्या पाण्यात फिकट, डोळे बारीक झालेला, जवळजवळ आंधळा मासा राहतो. त्याला बाहेरच्या मुरीचा रंग नाही, डोळा नाही. तरी अभ्यासकांनी त्याला एवेझार्डच्या जातीतच धरलं. वरचं रूप काळोखानं पुसलं, पण बाकीची ठेवण तीच राहिली. जमिनीखालच्या पाण्याशी हिचं काही नातं आहे, हे आजीनं बस्तर न बघता सांगितलं होतं.

हे सगळं माझ्या एकट्याच्या वहीत राहिलं असतं. पण २०१९ च्या डिसेंबरात ग्रामसभा लागली.

जैवविविधतेचा कायदा २००२ सालचा. प्रत्येक ग्रामपंचायतीनं समिती नेमायची आणि गावातली झाडं, पाखरं, जनावरं, मासे, बियाणं यांची लोकजैवविविधता नोंदवही करायची. वर्षानुवर्षं कुणी केली नाही. मग हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि सगळीकडं एकदम पळापळ झाली. आमच्या गावचं काम बाहेरच्या कुणाला दिलेलं होतं. एक पोरगा टाइप केलेलं बाड घेऊन आला आणि वाचायला लागला. झाडं झाली, पाखरं झाली. माशांच्या पानावर तीन नावं: रोहू, कटला, मृगळ.

मी निवृत्त होऊन गावी आलेलो. मागच्या रांगेतून उठलो. म्हणालो, "हे तिन्ही मासे उत्तरेकडच्या नद्यांतले. आपल्याकडं तळ्यात-धरणात बीज सोडतात म्हणून आहेत. आपल्या ओढ्यात यातला एकही नाही. ओढ्यातले मासे कुठं आहेत?"

पोरगा चांगला होता. म्हणाला, "सर, तुम्ही सांगा, मी घालतो."

"मुरी लिहा."

"मुरी म्हणजे काय? शास्त्रीय नाव लागेल सर. रकाना आहे."

सभा हसली. पण त्याच सभेत पुढचा विषय ओढ्याच्या खोलीकरणाचा होता. पोकलेन यायचं होतं. खालून सुरुवात करून पार वरच्या कोंडापर्यंत ओढा सरळ आणि खोल करायचा, म्हणजे पाणी साठेल. गावाला पाणी पाहिजेच होतं, त्यात वाद नव्हता. पण कोंडातला खडक फोडला तर झरा राहील का, हे कुणी विचारलं नव्हतं. आणि 'तिथं एक मासा राहतो' हे सांगायला माझ्याकडं आजीच्या शब्दाशिवाय काही नव्हतं. मी महिन्याची मुदत मागून घेतली.

मग मी मामाकडं गेलो. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ, तेव्हा ऐंशीच्या घरात. भोईवाड्यात मुरीचे पाच प्रकार हाताला माहीत असलेला तो शेवटचा माणूस. ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर झाल्यापासनं तू वड्यावर आला न्हाईस. आज आटावलं?"

"चुकलंच मामा. चला तुम्ही."

दोघं निघालो. मच्छरदाणीचं जुनं फडकं, स्टीलचं ताट, एक काचेची बरणी आणि शाळेतलं भिंग. खालून सुरुवात केली. बंधाऱ्यामागच्या गाळात मामानं फडकं ओढलं आणि पहिल्याच खेपेला काटमुरी आली. फडक्यातून सुटेना, कारण तिचा काटा धाग्यात अडकला होता. हीच तिची खूण. डोळ्याच्या खाली एका खाचेत दुभंगलेला काटा झोपवलेला असतो, भ्याली की उभा करते. बाकीच्या चारींना हा काटा नाही. भिंगातून बघितलं तर अंगावर बारीक खवले. मामानं एकीचा कल्ल्याजवळचा पर बोटानं पसरून दाखवला. त्याच्या आतल्या कडेच्या काड्या एकमेकींना चिकटून ताठ झालेल्या. "ह्यो नर." पुस्तकात हेच लिहिलंय, हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग बराबर हाय पुस्तक."

वर वाहत्या पाण्यात मामा पायानं दगड उलथत गेला. दगडमुरी सापडली. आडवे पट्टे आहेत, पण मी ते मोजत बसलो नाही. शेपटीच्या मुळाशी एक काळी उभी रेघ बघितली, ती ह्या घराण्यात बहुधा असते. मग तोंड उताणं करून खालचा ओठ बघितला, तो मधोमध तुटलेला असतो. पाठीवरच्या पराच्या काड्या मोजल्या. फाटे फुटलेल्या सात-आठ. हिला निळ्या आकाशात उडवलं तरी पोहता यायचं नाही, असं मामा म्हणायचा, आणि खरंच ह्या कुळातल्या माशांच्या पोटातला हवेचा फुगा हाडाच्या खोक्यात बंदिस्त असतो. ती पाण्याच्या मधोमध राहत नाही, तळाला टेकते. म्हणून तळ कसा आहे, यावर तिचं सगळं अवलंबून.

आणि तळाचीच तर गोष्ट होती. वाळूमुरीसाठी आम्ही तीन जागा बघितल्या. जिथं आम्ही लहानपणी गुडघाभर वाळूत खेळलो तिथं आता नागडा खडक आणि खडकावर शेवाळ. वीस वर्षांत वाळू ट्रॅक्टरनं गेली. माझ्या घराच्या भिंतीत ती आहे, मामाच्या घराच्या भिंतीतही आहे. मला तिची सगळी लक्षणं पाठ होती. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला काळा गोल ठिपका, डोळ्यासारखा. जाड ओठ, त्यावर बारीक पुटकुळ्यांचे पट्टे. पाठीवरचा पर दगडमुरीपेक्षा मोठा, काड्या जास्त. भिंग हातात होतं, बघायला मासा नव्हता. लांबतोंडीही नव्हती. तिलाही वाळूच लागते. मामा फडकं पिळत बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, "मुरायला जागाच न्हाई ठेवली आपुन."

दुपार कलताना कोंडावर पोचलो. पाणी बेताचं पण थंडगार. मामानं फडकं टाकलं नाही. पालथा पडला, हात खडकाच्या कपारीत घातला आणि ओली मूठ बाहेर काढली. तळहातात चमचाभर पाणी, त्यात दोन इंचाची चट्ट्यापट्ट्यांची मुरी. मला म्हणाला, "मोज."

मी भिंग धरलं. तोंडाच्या टोकाला दोन, त्याच्या बाजूला दोन, ओठाच्या कोपऱ्याला दोन. सहा. आणि नाकपुडीची पुढची कड लांबून मिशीसारखी झालेली, दोन्ही बाजूंना एकेक.

"आठ," मी म्हणालो.

"जा बये," मामा म्हणाला आणि हात पाण्यात बुडवला.

सोडण्याआधी मी फोटो काढले होते. नाकपुड्यांचे, ओठांचे, शेपटीच्या मुळाचे, पराच्या काड्यांचे. ते एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या जुन्या विद्यार्थ्याला पाठवले. त्यानं तोलून उत्तर दिलं. काटमुरी आणि आठ-मिशीवाली यांची घराणी फोटोवरून नक्की. आठ-मिशीवालीची जात बहुधा एवेझार्डचीच, पण सह्याद्रीत ओढ्याओढ्याला फरक दिसतो, तेव्हा 'बहुधा' लिहा. दगडमुरीसाठी नमुना तपासल्याशिवाय जात लिहू नका, घराणं लिहा. मला ते आवडलं. आजीही खात्री नसली की मासा दुसऱ्यांदा मोजायची. त्याची सावधगिरी बरोबर होती. २०२१ साली उत्तर सह्याद्रीतल्या आठ-मिशीवाल्यांतूनच दोन नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या.

जानेवारीच्या सभेत मी तीन मुऱ्या नावांसकट मांडल्या. आजीचं झऱ्याचं म्हणणंही मांडलं, श्रद्धा म्हणून आणि अनुभव म्हणून. चर्चा झाली, आवाज चढले. एकानं विचारलं, "माशासाठी माणसं तहानलेली ठेवायची का?" मामा उठला. सभेत तो जन्मात कधी बोलला नव्हता. म्हणाला, "बाबानू, मासा तितं का ऱ्हातो? पानी आटत न्हाई म्हनून. खडक फोडून पानी गेलं तर मासाबी गेला आन् तुमीबी." शेवटी ठरलं की खोलीकरण खालच्या बंधाऱ्यापर्यंत करायचं, कोंड आणि वरचा खडक सोडायचा. सगळे खूश झाले नाहीत. खालचा दगडमुरीचा पट्टा पोकलेननं गेलाच. एवढं पदरात पडलं.

त्याच वर्षी, २०२० साली, आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या देवस्थानाजवळच्या पाण्यातून मुरीचीच एक नवी जात शास्त्रज्ञांनी जगापुढं आणली. तिला नदीचंच नाव दिलं आणि पुढच्या वर्षी राज्य सरकारनं तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. बोटाएवढ्या माशासाठी. पेपरातलं ते कात्रण मी मामाला वाचून दाखवलं. त्यानं एकच प्रश्न विचारला, "मिशा किती?"

नोंदवहीचं ते पान माझ्याकडं झेरॉक्स करून ठेवलेलं आहे. रोहू, कटला, मृगळ खाली गेले, 'सोडलेले मासे' म्हणून. वर तीन मुऱ्या. त्याच्याखाली त्या पोरानं माझ्या सांगण्यावरून आणखी दोन ओळी घातल्या: वाळूमुरी, स्थानिक नावावरूनच शास्त्रीय नाव, आणि लांबतोंडी. दोघींच्या शेवटच्या रकान्यात 'पूर्वी होती, आता आढळली नाही'. पावणेदोनशे वर्षांपूर्वी आमच्या बोलीतला शब्द ज्या माशाच्या निमित्तानं लंडनला गेला, तोच मासा आमच्या ओढ्यात नाही. भीमेच्या दुसऱ्या एखाद्या अंगाला, जिथं वाळू शिल्लक आहे तिथं, तो असेल. कुणाला दिसला तर ओल्या हातानं धरावा, शेपटीवरचा ठिपका बघावा आणि सोडावा.

त्या पानावर आणखी एक रकाना असतो, माहिती देणाऱ्याचा. पोरगा तिथं माझं नाव लिहायला लागला होता. मी त्याला थांबवलं. पहिलं नाव आजीचं घातलं, कैलासवासी लिहून. दुसरं मामाचं. मामाला सही येत नाही. त्यानं शाईचा अंगठा उठवला आणि हात धुवायला ओढ्याकडं गेला.